इकरं बघून बोल

आमच्या ऑफिसात माझ्याबद्दल एक गोड गैरसमज आहे. संध्याकाळी न सुटलेला बग घेऊन मी घरी जाते आणि सकाळी त्याचं उत्तर घेऊन येते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी घरी जाऊन काहीतरी प्रचंड अभ्यास करते. खरं काय ते मी कितीदा तरी सांगितलंय. मी घरी जाऊन बाबांना सांगते. एवढंच. यावर सगळे हसतात, कारण माझे बाबा भिवंडीत पॉवरलूमच्या एका कारखान्यात मिस्त्री आहेत. लूम बिघडला की दुरुस्त करायचा आणि बिघडणार असेल तर आधीच ओळखायचा, हे त्यांचं काम. माझ्या लॅपटॉपला ते 'तुजा टीवी' म्हणतात.

ऑफिस म्हटलं की काचेची इमारत वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. मानकोलीला एका गोदामाच्या माळ्यावर आम्ही सातजण बसतो. खाली खोकी, वर आम्ही. कुठलं खोकं कुठे आहे, कधी आलं, कधी निघालं याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. आमची चूक झाली तर जिना उतरून खाली जावं लागतं, कारण ज्याचं खोकं सापडत नाहीये तो माणूस तिथेच कमरेवर हात ठेवून उभा असतो. मला हे फार आवडतं. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी ज्यांच्यासाठी कोड लिहितात ती माणसं त्यांनी जन्मात पाहिलेली नाहीत. माझी माणसं मला नावाने हाक मारून शिव्या देतात.

आणि कोड चालला की होणारा आनंद! इतकी वर्षं झाली तरी तो जुना होत नाही. लाल अक्षरांनी भरलेली स्क्रीन एका ओळीच्या बदलाने हिरवी झाली की मी खुर्चीत बसल्याबसल्या दोन्ही हात वर करते. शेजारी बसणारा माझा सहकारी आता मान वळवूनसुद्धा बघत नाही, फक्त त्याचा चहाचा कप माझ्यापासून लांब सरकवतो. मध्यंतरी मी हौसेने एक खटखट वाजणारा कीबोर्ड घेतला. पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "एक लूम कारखान्यात, एक घरात. आता मीच तेवढी पलून जाते." तो कीबोर्ड आता ऑफिसात असतो.

घरच्या लॅपटॉपवर माझं एक फोल्डर आहे, त्यात माझे सगळे फावल्या वेळचे प्रोजेक्ट आहेत. म्हणजे सगळे अर्धवट. गावात नळाला पाणी कधी येणार ते सांगणारं ॲप आहे. ते मी सोडून दिलं, कारण आमच्या आईला नळातून हवा सुटल्याचा आवाज त्याच्या आधी कळायचा. खारबाव स्टेशनात गाडी किती उशिरा येते याचा हिशेब ठेवणारं एक आहे, ते माझाच उत्साह संपल्यामुळे बंद पडलं. आई त्या फोल्डरला 'अर्धे संसार' म्हणते. त्यात काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण नाव तिने अचूक ठेवलं.

तर संध्याकाळचं सांगत होते. आमचं गाव खारबावच्या बाजूला. बाबा साडेसहापर्यंत येतात, केसांत आणि भुवयांवर कापसाचा बारीक भुगा घेऊन. हातपाय धुऊन ते पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि चहाचा पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघतात. मग मी सुरू होते. आमच्या घरात बापालाही तू म्हणतात, पण लिहिताना मात्र बाबांना 'ते' म्हटल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही, तेवढं चालवून घ्या. मी त्यांना अगदी पहिल्यापासून सांगते: हे बटण दाबलं की असं व्हायला हवं, पण तसं होतं, मी इथे बघितलं, तिथे बघितलं. बोलताना मी सवयीने लॅपटॉपकडे वळते आणि लगेच बाबा टोकतात, "इकरं बघून बोल." इकरं म्हणजे इकडे, आमच्या बोलीत 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. मला वाटायचं, बापाशी बोलताना तोंड फिरवू नये अशी त्यांची शिस्त आहे. मी पुन्हा त्यांच्याकडे वळायची. ते मधून मधून "मंग?" म्हणायचे. आणि सातव्या-आठव्या वाक्याला माझं मलाच दिसायचं की चूक कुठे आहे. मी ओरडायची, "सापडला!" बाबा म्हणायचे, "बराबर हाय," आणि उरलेला चहा संपवायचे.

ही युक्ती सगळ्या जगातल्या डेव्हलपरांना ठाऊक आहे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपली चूक आपल्यालाच कळते. कुणी टेबलावर रबराचं बदक ठेवून त्याच्याशी बोलतं. माझ्याकडे बाबा होते.

बदक कधी उत्तर देत नाही, बाबांनी मात्र एकदा दिलं. दापोड्याच्या एका गोदामात रोज काही खोकी दोनदा नोंदली जायची. मी आठवडाभर कोड उलटापालटा करून पाहिला. सगळा घोळ एकाच हमालाच्या स्कॅनरमधून येत होता. ट्रक लागलेला असला की तो प्रत्येक खोक्यावर बटण दोनदा दाबायचा. मी चिडून बाबांना म्हटलं, "टीं असं वाजतं ना! वाजलं की झालं, एवढं कळू नये?" बाबा चहाच्या कपात बघत म्हणाले, "त्याला ती टीं आयकू येत नसंल." मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर तसंच होतं. ट्रकच्या इंजिनाच्या आवाजात त्या माणसाला काही ऐकू येत नव्हतं आणि लाजेने तो सांगत नव्हता. आम्ही स्कॅनर हातात थरथरेल अशी सोय केली आणि घोळ मिटला. ऑफिसात मी छाती फुगवून सांगितलं की हे बाबांनी शोधलं. त्यांना ते कसं सुचलं, हा प्रश्न मात्र माझ्या हुशार डोक्यात आला नाही.

बाबांना थोडं कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लूमवर जन्म घालवलेल्या कुणाला नीट ऐकू येतं? आमच्याकडे टीव्ही मोठा असतो आणि फोनवर सगळे ओरडून बोलतात, त्यात विशेष असं काही वाटत नव्हतं. मग एका सकाळी गावाच्या वळणावर, गोदामाकडे जाणाऱ्या एका कंटेनरने बाबांच्या मागे हॉर्न दिला. तीनदा दिला. बाबा रस्त्याच्या मधून शांतपणे चालत राहिले. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने बाबांना दंडाला धरून बाजूला केलं. हे सगळं दूध घेऊन येणाऱ्या आईने पाहिलं.

त्या दिवशी पडवीत आईने कोर्ट भरवलं. "हार्न आयकू येत न्हाय आन् चाललाय लूमचा आवाज आयकायला! बास झालं. आता पाने-हातोडी मालकाला देऊन टाक आन् घरी बस."

बाबांनी फक्त आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं हा माणूस रोज सकाळी आनंदाने कामाला जातो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. सुट्टीच्या दिवशी तो घरात भिंतीला टेकून बसतो आणि उगाच खुर्चीचे स्क्रू पिळतो. त्यांना घरी बसवलं तर ते महिन्याभरात वाळून जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोलून गेले, "मी फोनला आवाज ओळखायला शिकवते. बाबाच्या ऐवजी फोन ऐकेल. लूम बिघडत असेल तर लाल होईल, ठीक असेल तर हिरवा."

आईने माझ्याकडे बघितलं. 'अर्धे संसार' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, पण तिने ते गिळले. म्हणाली, "गणपतीपर्यंत. तवर झालं तर जाव दे. न्हाय झालं तर बसल घरी. आन् माज्या डोळ्यांसमोर झालं पायजे." तिच्या हुकमावर अपील नसतं. बाबांची नोकरी आता माझ्या त्या फोल्डरमध्ये जाऊन बसली होती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

कारखान्याच्या मालकांना आम्ही चाचा म्हणतो. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, वडिलांपासूनचे लूम. पांढरा शुभ्र पायजमा-कुर्ता आणि खिशात सतत लवंगा. मी काय करणार आहे ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिस्त्रीसाठी काय पण कर, बेटा. फक्त माझे लूम फोडू नको."

फोनला शिकवायचं म्हणजे नमुने पाहिजेत. ठणठणीत लूमचे आवाज पुष्कळ, आणि बिघडलेल्या लूमचे तितकेच. चांगले आवाज मिळवणं सोपं होतं. बाबा सोमवार ते गुरुवार खिशात माझा जुना फोन घेऊन जायचे आणि चोवीस लूमसमोर एकेक मिनिट उभे राहून रेकॉर्ड करून आणायचे. बिघडलेल्या आवाजांची पंचाईत होती. चालत्या कारखान्यात मुद्दाम लूम कोण बिघडवणार? कापड खराब होईल, कारागीर खवळतील. मग आम्ही शुक्रवार धरला. शुक्रवारी आमच्याकडे लूमला सुट्टी. कारखाना सुनसान. मी ऑफिसातून शुक्रवारची रजा टाकायची आणि बाबांबरोबर जायची. बाबा एक लूम सुरू करायचे, धोटा फेकणाऱ्या दांड्याचा पट्टा सैल करायचे, कुठला बोल्ट अर्धा वळसा ढिला करायचे, आणि मी फोन धरून उभी राहायची. धोटा म्हणजे ती लाकडी होडी, जी धागा घेऊन लूममध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. तो पट्टा सैल झाला की आज ना उद्या धोटा अडकतो आणि शेकडो धागे एका झटक्यात तोडतो.

ते शुक्रवार फार छान गेले. बाबा मला त्यांचं जग दाखवत होते. हा पट्टा असा, हा गिअर तसा, ह्या नऊ नंबरच्या लूमचा स्वभावच किरकिरा. दुपारी आम्ही धागा गुंडाळायच्या रिकाम्या बीमवर बसून डबा खायचो. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघं एकाच धंद्यात आहोत.

पाच शुक्रवारांनंतर फोन शिकून तयार झाला. मी घरी त्याची परीक्षा घेतली आणि तो जवळजवळ एकदाही चुकला नाही. इतका चांगला निकाल आला की मी दोन्ही हात वर करून नाचले. डेव्हलपरला इतका चांगला निकाल आला की त्याने नाचू नये, घाबरावं. पण नाचताना हे कुणाला आठवतं?

गणपतीला महिना होता. एका मंगळवारी मी आईला कारखान्यात नेलं. बाबा तिथे चाळीस वर्षं काम करत होते आणि ती पहिल्यांदाच जात होती. हिरवी साडी, कपाळाला मोठं कुंकू, हातात चाचांसाठी तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. दारातून तो धडधडाट अंगावर आला आणि ती माझा हात धरून जागीच उभी राहिली. चाचा धावत आले. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा लूमकडे, आणि हात वर करून कारागिरांना ओरडले, "बंद करो! सब बंद! भाभी पहिल्यांदा आल्यात आपल्याकडं, दोन शब्द बोलता तरी आले पायजेत!"

तेवीस लूम एकामागून एक थांबले. फक्त मधला एक, अकरा नंबर, माझ्यासाठी चालू ठेवला. तो बाबांचा सगळ्यात लाडका, सगळ्यात ठणठणीत लूम. मी ऐटीत पुढे झाले, फोन धरला, आणि फोन लालबुंद झाला. बिघाड! मी पुन्हा धरला. बिघाड! चाचांनी दुसरा लूम सुरू करायला सांगितला. बिघाड! तिसरा, चौथा, सगळ्यांत बिघाड.

कारागिरांपैकी एक जण हळूच म्हणाला, "दीदी, मोबाइल में ही कुछ बिघाड है." सगळा कारखाना हसला. चाचा हसू दाबायला खिशातल्या लवंगा शोधू लागले. आई मात्र हसली नाही. ती बाबांकडे बघत होती आणि बाबा जमिनीकडे. तिचा निकाल तिच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता, आणि मला तिथेच कुठेतरी लपावंसं वाटलं.

चाचा मोठ्या मनाचे. ते आईला चहाला वर, आपल्या घरी चाचींकडे घेऊन गेले. लूम पुन्हा सुरू झाले आणि त्या धडधडाटात मी आणि बाबा समोरासमोर उरलो. मग मी तेच केलं जे रोज संध्याकाळी करते. बाबांकडे वळले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. तिथे इतका आवाज होता की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "फोनला दोन प्रकारचे आवाज दिले. चांगले आणि बिघडलेले." बाबांचे ओठ हलले: मंग? "चांगले तू आणलेस. सोमवार ते गुरुवार." मंग? "बिघडलेले आपण घेतले. शुक्रवारी..." आणि मी थांबले.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. चांगल्या लूमच्या प्रत्येक नमुन्यात मागे तेवीस लूमचा गोंगाट होता, आणि बिघडलेल्या लूमच्या प्रत्येक नमुन्यात मागे शांतता. माझ्या दिव्य फोनने पट्टा, बोल्ट, धोटा असलं काहीही शिकलं नव्हतं. तो एवढंच शिकला होता की शांतता असेल तर बिघाड. त्याला फक्त शुक्रवार ओळखता येत होता! आणि चाचांनी पाहुणचार म्हणून लूम बंद केले तेव्हा तो बिचारा अगदी मनापासून ओरडला की आज शुक्रवार आहे, आज शुक्रवार आहे.

मी हसत सुटले. पोट धरून हसले. "सापडला!" मी ओरडले. "बराबर हाय," बाबांचे ओठ म्हणाले.

आणि तेव्हा माझं हसू थांबलं. मी काय बोलतेय ते मला स्वतःला ऐकू येत नव्हतं. मग बाबांनी "मंग?" अगदी जिथल्या तिथे कसं म्हटलं?

लूमवरची माणसं ओठ वाचतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. हातवारे तर त्यांची दुसरी भाषा: दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला, मूठ ओठांशी नेली की चहा. मी बाबांना खुणेनेच विचारलं. माझ्या कानाला हात लावला, मग त्यांच्याकडे बोट दाखवलं. ऐकू येतं?

बाबांनी वर जिन्याकडे पाहिलं, आई नाही याची खात्री केली. मग स्वतःच्या कानाला हात लावला आणि तळवा आडवा हलवला. नाही. त्यांनी दोन बोटं दाखवली आणि विसर्जनाला नाचताना करतात तसे दोन्ही हात हवेत हलवले. दोन गणपती झाले. दोन वर्षं.

मला काही कळेना. दोन वर्षं काही ऐकू येत नाही, मग बिघाड कसा ओळखतात? बाबांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळवा अकरा नंबरच्या लोखंडी अंगावर ठेवला. धक्का, धक्का, धक्का, एकसारखा. मग नऊ नंबरकडे नेलं, पट्टा थोडा सैल केला, आणि पुन्हा माझा हात तिथे ठेवला. धक्का, आणि त्याच्या मागून उगाच आलेला एक बारीकसा धक्का. मी डोळे मिटले. शेजारी तेवीस लूम धडधडत होते, पण तळव्याखाली मला फक्त हा एकच लूम कळत होता. माझे बाबा दोन वर्षं हातांनी ऐकत होते आणि कुणाला पत्ता लागू देत नव्हते.

घरी येताना आई रिक्षात पुढे बसली होती. मागे मी बाबांकडे तोंड करून हळू विचारलं, "मग रोज पडवीत मी जे बोलते, ते?"

"अर्धं कळतं," बाबा म्हणाले. "तू तुज्या टीवीकरं बघून बोललीस का काय पन न्हाय कळत. म्हनून तर सांगतो इकरं बघून बोल."

"मग 'बराबर हाय' कसं म्हणायचास?"

"तुजं तोंड बगून. अरकलीस का तुज्या कपाळाला आठी परते. सुटलं का तू एवढी खूश होतंस, एवढी खूश होतंस..." ते जरा थांबले. "मना त्यातलं काय कळत न्हाय गं पोरी. पन तू खूश झालेली बघायला मी रोज बसतो."

मला रडू आलं. दोन वर्षं एक थकलेला माणूस, ऐकू येत नसताना, माझी बडबड नुसती डोळ्यांनी ऐकत बसत होता, आणि मी त्याला माझं बदक समजत होते. बाबांनी घाबरून आईकडे बोट दाखवलं, तेव्हा मी डोळे पुसले.

पुढचे तीन आठवडे मी जेवढं मन लावून काम केलं तेवढं कधीच केलं नव्हतं. प्रत्येक मोबाइलमध्ये हलण्याचं, थरथरण्याचं माप घेणारा एक इवलासा भाग असतो. मी माईक बंद केला आणि सगळी भिस्त त्याच्यावर टाकली. जुन्या चामड्याच्या पट्ट्याचा तुकडा कापून बाबांनी फोन लूमच्या अंगाला घट्ट बांधायची सोय केली. नमुने सगळे नव्याने घेतले, आणि या वेळी चांगले आणि बिघडलेले दोन्ही एकाच दिवशी, भर गोंगाटात. कारागीर खवळतील असं मला वाटलं होतं. उलट ते स्वतःच येऊन सांगायला लागले, दीदी, मेरा वाला भी ले लो. फोन चुकायचा, मी सुधारायची. तळव्याखाली काय कळलं पाहिजे ते बाबा सांगायचे, ते मी कोडमध्ये बसवायची. निकाल पहिल्यासारखा डोळे दिपवणारा आला नाही. बरा आला. या वेळी मी नाचले नाही, पण झोप छान लागली.

गणपतीच्या चार दिवस आधी आई दुसऱ्यांदा कारखान्यात आली. चाचांनी हात वर केला तशी मी किंचाळले, "चाचा, नको! चालू राहू दे!" अट अशी ठरली की चाचांनी स्वतः कुठल्यातरी एका लूमचा बोल्ट गुपचूप ढिला करायचा. पांढऱ्या पायजम्याला ग्रीस लावून घेऊन ते मोठ्या उत्साहाने बाहेर आले. आई, बाबा आणि मी ओळीने निघालो. फोन बांधायचा, सोडायचा, पुढे जायचं. हिरवा, हिरवा, हिरवा. सोळा नंबरला फोन लाल झाला. मी श्वास धरून बाबांकडे पाहिलं. त्यांनी आपला तळवा ठेवला आणि मान डोलावली. चाचांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत.

आईने बाबांचा तळवा बराच वेळ त्या लोखंडावर पाहिला. तिच्यापासून इतकी वर्षं काही लपलेलं नाही, हेही लपलं नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने बाबांना आपल्याकडे वळवलं आणि प्रत्येक शब्द सावकाश, ओठ मोठे हलवत म्हणाली, "जा तू कामाला. पन कानात मशीन घालायची. लूमसाठी न्हाय. हार्नसाठी." आणि मग तेवढ्याच सावकाश, "आन् माज्यासाठी."

ठाण्याच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं, तेव्हा समोर बसून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी फटाफट उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, यांना काय झालंय? मग त्यांनी तोंडावर कागद धरून तोच प्रश्न विचारला आणि बाबा हसत बसून राहिले.

मशीन आली. आता बाबा रस्त्याच्या कडेने चालतात, कारखान्याच्या दारात मशीन काढून डबीत ठेवतात, खिशात माझा जुना फोन आणि उघडे तळवे घेऊन आत जातात. फोनवर त्यांचा विश्वास आहे, पण आधी हात लावून बघतात आणि मगच फोन बांधतात. दोघांचं जमलं नाही तर मला ऑफिसात फोन येतो, "तुज्या पोराला परत शिकव."

मशीन लावून बाबा पडवीत बसले त्या पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम एक मोठा, गुंतागुंतीचा, तीन दिवस न सुटलेला बग राखून ठेवला होता. आता त्यांना सगळंच ऐकू येणार होतं. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सुरू झाले. डेटाबेस, नोंदी, कुठली नोंद कुठल्या नोंदीच्या आधी येते, सर्व्हर काय म्हणतो. बाबा कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून ऐकत होते. चहा गार झाला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हे रोज असंच असतं?"

"रोज," मी म्हटलं.

"दोन वर्षं?"

"त्याच्याही आधीपासून."

बाबांनी हळूच कानातली मशीन काढली, पुसली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. खुर्ची माझ्या बाजूला वळवली आणि चहाचा गार कप उचलला.

"हां," ते म्हणाले. "आता बोल. इकरं बघून."

मी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे बघत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.